रहदारीचा कर : रस्त्याच्या शास्त्राचा एक छोटा इतिहास

'रहदारी' हा शब्द आज आपण वाहनांची ये-जा या अर्थाने वापरतो. वाहतूक पोलिसांच्या फलकांवर तो असतो, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत असतो आणि वर्गात उशिरा पोहोचलेल्या विद्यार्थ्याच्या सबबीतही असतो. शब्द मात्र जुना, फारसी वळणाचा. 'राहदार' म्हणजे वाटेचा रक्षक, आणि 'राहदारी' म्हणजे त्या रक्षणाच्या मोबदल्यात वाटसरूकडून, त्याच्या मालावर वसूल होणारा कर. हा कर दिल्याचा वा माफ असल्याचा दाखला, तोही राहदारीच. मोगल अमदानीत या कराने व्यापारी इतके गांजले होते, की औरंगजेबाने राज्यारोहणानंतर लवकरच तो रद्द केल्याची नोंद इतिहासकार करतात. पुढे कर विसरला गेला, शब्द उरला आणि त्याचा अर्थ वाटेवरून जाणाऱ्यांच्या गर्दीकडे सरकला.

अर्थांतराची उदाहरणे म्हणून असे शब्द आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला नेहमी सांगतो. हा शब्द सांगताना मात्र अलीकडे थोडे थांबावे लागते. कारण आमच्या वर्गाच्या खिडक्या हमरस्त्याकडे उघडतात आणि बाहेरून ट्रक जात असला की वाक्य अर्ध्यावर सोडावे लागते. पूर्वी वाटेने जाणारा कर भरत असे. आज वाटेच्या कडेला बसलेला भरतो आहे काय, असा प्रश्न त्या थांबलेल्या क्षणी मनात येतो. गेल्या शतकात शास्त्रज्ञांनीही तो वेगवेगळ्या वाटांनी विचारला. त्या शोधाचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी वाचावा असा आहे, कारण त्याच्या मुळाशी एक रूपक आहे.

ते रूपक म्हणजे प्रवाह. १९३०च्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्यात ब्रूस ग्रीनशील्ड्स या अभियंत्याने रस्त्याकडेला चलच्चित्रणाचा कॅमेरा उभा केला आणि ठरावीक अंतराने जाणाऱ्या मोटारींची चित्रे टिपली. दोन चित्रांमध्ये मोटार किती पुढे सरकली यावरून वेग कळे. एका चित्रात किती मोटारी आहेत यावरून दाटी कळे. त्यातून त्यांनी एक साधे नाते मांडले : दाटी वाढत जाते तसा वेग सरळ रेषेत उतरत जातो. रस्त्यावरून तासाला किती वाहने पार होतील हा आकडा म्हणजे दाटी आणि वेग यांचा गुणाकार. रस्ता मोकळा असला तर वाहनेच थोडी, खच्चून भरला तर ती जागची हलत नाहीत. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक शिखर असते. त्या शिखराला रस्त्याची 'क्षमता' म्हटले गेले. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासापासून वाहतूक प्रवाहाचे शास्त्र सुरू झाले असे मानतात.

वीस वर्षांनी, १९५५ साली, जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिथम या दोन गणितज्ञांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंधजोडी प्रसिद्ध केली. पहिला निबंध लांब नद्यांमधील पुराच्या लाटेवर होता, दुसरा लांब, गजबजलेल्या रस्त्यांवरील वाहतुकीवर. गणित दोन्हीकडे एकाच जातीचे. कोंडी म्हणजे रस्त्यावरून उलट्या दिशेने सरकणारी एक लाट, हे त्यामुळे समजले. पुढे कोणी ब्रेक दाबला तर त्याचा धक्का मागच्या, मग त्याच्याही मागच्या वाहनापर्यंत पोहोचतो; वाहने पुढे जात असतात आणि कोंडी मागे.

रूपकाने ज्ञान वाढते याचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही. पण रूपक जे दाखवते त्यासोबत काही झाकतेही, हे काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. पाण्याच्या थेंबाला मन नसते. २००८ साली युकी सुगियामा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ मोटारी फिरवल्या. चालकांना सूचना एवढीच होती, की ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने एकामागून एक जात राहा. वाटेत खड्डा नव्हता, सिग्नल नव्हता, अपघातही नव्हता. तरी थोड्या वेळात कोंडी तयार झाली आणि मागे मागे सरकू लागली. कुणी किंचित बिचकले, कुणी किंचित उशिरा सावरले, एवढे कारण तिला पुरले. म्हणजे प्रवाहाच्या समीकरणात ज्याला जागा नव्हती, तो माणूस कोंडीच्या रूपाने परत आला.

त्या माणसाकडे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांचे लक्ष मात्र फार आधी गेले होते, आणि तेही एका अगदी वेगळ्या प्रश्नाच्या निमित्ताने. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत होती आणि कारण उमगत नव्हते. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी निरनिराळ्या व्यवसायांची तुलना करायचे ठरवले. लंडनच्या दुमजली बसमध्ये त्यांना जणू तयार प्रयोगच सापडला. एकाच बसमध्ये, एकाच धुरात, एकाच मार्गावर दोन माणसे काम करत. चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून असे. कंडक्टर दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदी तपासल्यावर दिसले, की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, झालाच तर उशिरा होतो आणि कमी घातक असतो. १९५३ साली 'द लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास आला. टपाल वाटत हिंडणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कर्मचारी यांच्या तुलनेतही तसाच फरक आढळला. शारीरिक हालचाल आणि हृदय यांचे नाते शास्त्राच्या भाषेत प्रथम ठामपणे मांडले गेले ते असे, बसच्या जिन्यावर.

मुंबईकरांना हा जिना अपरिचित नाही. १९३७ पासून मुंबईत धावणाऱ्या दुमजली बसमध्ये तिकिटाच्या चिमट्याची टकटक करीत वर-खाली करणारा कंडक्टर अनेकांच्या आठवणीत असेल. त्या जुन्या गाड्यांपैकी शेवटच्या सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निघाल्या, तेव्हा वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. त्या जिन्याने वैद्यकाच्या इतिहासात बजावलेली कामगिरी आमच्या वाचनातील एकाही लेखात नव्हती.

मॉरिस यांचे मोठेपण आम्हाला जाणवते ते त्यांच्या पुढच्या पावलात. आपल्याच निष्कर्षावर त्यांनी शंका घेतली. चालकांचे हृदय बसण्यामुळे बिघडते, की मुळात स्थूल प्रकृतीची माणसेच चालकाची नोकरी धरतात? १९५६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गणवेशांच्या मापांची वही तपासली. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा जास्त होता, आणि तो तरुण वयापासूनच. म्हणजे निवडीचाही काही वाटा होता. दुसरी शंका ताणाची होती. लंडनच्या गर्दीतून बस हाकण्याचा मानसिक भार कंडक्टरवर नाही, चालकावर आहे, त्याचे काय? हा धागा पुढे इतरांनी उचलला. १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या बसचालकांच्या अभ्यासात त्यांच्यात उच्च रक्तदाबाचे प्रमाण तुलनेच्या गटांहून जास्त आढळले आणि वेळापत्रक व वाहतूक यांच्या कात्रीत सापडलेल्या मनाकडे संशोधक वळले.

येथवर रस्त्यावरून जाणाऱ्यांची गोष्ट झाली. रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांचे काय? १९६३ साली ब्रिटनमध्ये कॉलिन ब्युकॅनन यांचा 'ट्रॅफिक इन टाउन्स' हा अहवाल आला. ब्युकॅनन यांचा जन्म आपल्याकडचा, सिमल्याचा. अभियंत्यांची 'क्षमता' ही संकल्पना त्यांनी उलटी धरली. रस्त्यातून किती वाहने जाऊ शकतात हा एक प्रश्न. किती वाहने गेली तरी तिथले जगणे सुसह्य राहील, हा दुसरा. दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा पुष्कळ लहान असते.

हा दुसरा प्रश्न घेऊन घरोघरी गेले ते डोनाल्ड ॲपलयार्ड. जन्माने इंग्रज, शिक्षणाने वास्तुरचनाकार, पुढे बर्कलीला नगररचनेचे प्राध्यापक. १९६४ साली केव्हिन लिंच आणि जॉन मायर यांच्यासह त्यांनी लिहिलेले पुस्तक महामार्गावरून धावणाऱ्या मोटारीतून दिसणाऱ्या सौंदर्याविषयी होते. पाचच वर्षांनी ते मोटारीतून उतरले. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोतील तीन समांतर रस्त्यांवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या. एकावरून दिवसाला सुमारे २,००० वाहने जात, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. प्रश्न साधे होते : या रस्त्यावर तुमचे मित्र कोण, ओळखीचे कोण, आणि तुमचे 'घर' कुठपर्यंत पसरले आहे?

उत्तरे नकाशावर रेषांनी दाखवली गेली. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र आणि सहाहून अधिक परिचित. रेषा रस्ता ओलांडून जाळ्यासारख्या पसरलेल्या. भरधाव रस्त्यावर माणशी एकाहूनही कमी मित्र, तीन परिचित; ओलांडून जाणाऱ्या रेषा तुरळक. पहिल्या रस्त्यावरचे लोक अवघा रस्ता आपला मानत, पायऱ्यांवर बसत, मुले फरसबंदीवर खेळत. तिसऱ्या रस्त्यावर 'घर' दाराच्या आत, काहींच्या बाबतीत मागच्या खोलीपर्यंत आक्रसले होते. १९७२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात मानसिक आरोग्याचा उल्लेख नाही. पण एकाकीपण, भीती, चिडचिड आणि माघार यांचे इतके नेमके चित्रण आकड्यांच्या साहाय्याने क्वचितच झाले असेल.

इथे मॉरिस यांची विजार विसरून चालणार नाही. रस्त्याने माणसांना एकटे पाडले, की एकटी माणसे स्वस्त भाड्यासाठी त्या रस्त्यावर येऊन राहिली? तिसऱ्या रस्त्यावर भाडेकरू अधिक होते, मुले असलेली कुटुंबे जवळपास नव्हतीच. एका शहरातल्या तीन रस्त्यांवरून सारे सिद्ध होत नाही. पण ब्रिस्टल येथे २००८ साली याच पद्धतीने केलेल्या अभ्यासात असेच चित्र आढळले. आणि आमच्या मते निवडीची शंका खरी मानली तरी अन्याय कमी होत नाही : ज्यांना निघून जाता येते ते जातात, आणि कर ज्यांना निघता येत नाही त्यांच्यावर पडतो.

ॲपलयार्ड यांचे 'लिव्हेबल स्ट्रीट्स' हे पुस्तक १९८१ साली आले. पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये एका भरधाव मोटारीने त्यांचा बळी घेतला. या योगायोगावर भाष्य करण्याचा मोह आम्ही टाळतो.

आपल्याकडे हा कर मोजला जातो तो मुख्यतः मृत्यूंत. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे सरकारी आकडेवारी सांगते. दिल्लीच्या आयआयटीतील दिनेश मोहन २०२१ मधील आपल्या निधनापर्यंत हेच बजावत राहिले, की या मृतांना चुकार ठरवून भागणार नाही. पायी आणि सायकलवर जाणाऱ्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, अशी रस्त्याची रचना हवी. पण मेलेले मोजले जातात. तुटलेल्या ओळखी कोण मोजतो?

गेल्या वर्षी आम्ही पदव्युत्तर वर्गाला आपापल्या राहत्या जागेचा नकाशा काढायला सांगितले आणि 'माझे घर' इथवर, अशी रेष आखायला सांगितली. हे संशोधन नव्हते, ललित लेखनाच्या तासाची तयारी होती. गावाकडून आलेल्या एका मुलाची रेष पारावरून वळून शाळेपाशी संपली. शहरातल्या हमरस्त्यावर राहणाऱ्या एका मुलीची रेष खिडकीच्या आतून गेली. गॅलरी बाहेर का, असे विचारले तर ती म्हणाली, "तिथे आता फक्त कपडे वाळतात, सर."

मराठी कथा-कादंबरीतला ओटा, कट्टा, चाळीची गॅलरी यांच्या वाङ्मयीन महत्त्वावर आम्ही अनेक वर्षे शिकवतो आहोत. पात्रे तिथे भेटतात, भांडतात, गोष्ट तिथे सुरू होते. त्या जागा ओस पडल्या, याचे कारण आपण आधुनिकतेत, नव्या अर्थव्यवस्थेत, दूरचित्रवाणीत शोधत आलो. खिडकीखालून दिवसाला किती वाहने जातात, हे मोजून पाहण्याचे आम्हाला कधी सुचले नाही. आता सुचले आहे. मोजणी सुरू केली, की कळवूच.