साष्टी : नकाशावरून पुसलेलं बेट

आपल्या सोसायटीतल्या बऱ्याच जणांची मुलं-मुली आज मुंबईला नोकरीला आहेत. कुणी अंधेरीला, कुणी मुलुंडला, कुणी बोरिवलीला. इतिहासाच्या हिशेबाने पाहिलं तर ही मंडळी मुंबई बेटावर राहतच नाहीत! त्यांचा मुक्काम आहे साष्टी बेटावर. वांद्रे-कुर्ल्यापासून उत्तरेला भाईंदरपर्यंत आणि पूर्वेला ठाण्यापर्यंत पसरलेलं हे बेट मुंबईपेक्षा कितीतरी मोठं. कान्हेरीची लेणी याच बेटावर. पण आज तिथल्या माणसाला 'साष्टी कुठे आहे हो?' म्हणून विचारलं, तर तो आपल्याकडेच बघत राहील.

'षट्षष्टी' म्हणजे सहासष्ट. सहासष्ट गावांचा मुलूख म्हणून साष्टी, अशी या नावाची फोड परंपरेने सांगतात. गोव्यात मडगावचा तालुकाही साष्टीच, आणि त्याचीही फोड हीच. पोर्तुगिजांच्या तोंडी साष्टीचं 'साल्सेत' झालं आणि इंग्रजांनी त्याचं 'सॅल्सेट' केलं.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगिजांकडे गेली. १६६१ च्या विवाह-तहात त्यांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, पण साष्टी सोडली नाही. तेव्हापासून मुंबईकर इंग्रजांचा डोळा या बेटावर होता. मात्र ते आधी जिंकलं मराठ्यांनी. १७३७ साली ठाणे घेतलं आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला सर केला.

पुढे आपल्याच घरात भांडण लागलं. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुण्यातली ही धामधूम पाहून इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात ठाणे घेतलं. मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात राघोबादादांनी गादीसाठी फौजेची मदत मागितली आणि बदल्यात साष्टी व वसई देऊ केली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर जामीनगत दुसऱ्याच्या मालकीची आणि कर्ज स्वतःच्या नावावर!

या बेटाची पुढची ओढाताण झाली ती मात्र आपल्या पुणे जिल्ह्यात. १७७६ चा पुरंदरचा तह झाला, त्यात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव मावळला इंग्रज फौज कोंडीत सापडली, तेव्हा त्यांनी ती परत द्यायचं कबूल केलं. पण सुटका होताच वरिष्ठांनी तो करार नामंजूर केला. शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र कायमची गेली.

याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांची तैनाती फौज मान्य केली, आणि त्या फौजेची छावणी पडली ती आपल्या शिरूरला, घोडनदीच्या काठी. जी वसई चिमाजी अप्पांनी रक्त सांडून घेतली, तिथल्याच एका सहीने इंग्रजांची पलटण आपल्या दारात आणून बसवली.

मग साष्टी हे नाव गेलं कुठे? कुणी हुकूम काढून ते पुसलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सायनला बांध झाला, १८४५ साली लेडी अवाबाई जीजीभाईंच्या देणगीतून माहीम-वांद्रे रस्ता झाला, १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. पाण्याची अडचण संपली, तशी बेटाची जाणीवही संपली. शहर वाढत गेलं आणि सगळ्यालाच 'मुंबई' म्हणू लागले. वांद्र्यातल्या एका जुन्या कॅथलिक हाउसिंग सोसायटीच्या पाटीवर 'सॅल्सेट' अजून टिकून आहे. म्हणजे बेटाचं नाव जपलं तेही आपल्यासारख्या एका सहकारी सोसायटीनेच!

आपल्याकडेही हेच चाललंय. दौंडचं जुन्या इंग्रजी कागदांत 'धोंड' असायचं, आज नव्या पोरांना ते ठाऊक नाही. शिरूरला घोडनदी म्हणणारी पिढीही आता थकत चालली. शेतांची नावं तर त्याहून लवकर जातात. गहाणखत तपासताना मी चतुःसीमेत 'पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचा मळा' असं कितीतरी वेळा वाचलंय. आता तिथे गट नंबर आणि प्लॉट नंबर उरलेत. ओढा बुजवला की पावसाळ्यात पाणी कुठून येतं, हे सांगणारं त्याचं नावही जातं.

म्हणून कार्यकारिणीला एक सुचवावंसं वाटतं. आपल्या इमारती उभ्या राहण्यापूर्वी या जमिनीला, बांधाला, विहिरीला काय नावं होती, ते आसपासच्या जुन्या माणसांना विचारून इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवावं. खर्च एका वहीचा. ही माणसं आहेत तोवरच हे होणार आहे. सुवर्णमहोत्सवापर्यंत थांबलो, तर विचारायला कुणी उरणार नाही.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.