ओतलेला कणा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी चाळीस वर्षं ॲल्युमिनियमचं ओतकाम केलं. लेकीकडे इंग्लंडला गेलो असताना जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात २५० सीसीची ग्रीव्ह्ज मोटरसायकल दिसली. चिखलातल्या शर्यतींची गाडी. माझा हात आधी गेला तो तिच्या पुढच्या कण्यावर.

एरवी मोटरसायकलला हँडलखालून इंजिनपर्यंत पोलादी नळी उतरते. हिला तिथे ॲल्युमिनियमची ओतीव तुळई. साच्यात हँडलची पोलादी नळी आधी बसवायची आणि तिच्याभोवती रस ओतायचा. बोलायला सोपं आहे! पोलाद गार असलं की रस त्याला नीट धरत नाही, आत पोकळी राहते. वरून काही कळत नाही. गाडी उडी मारून आदळली की तडा तिथूनच. म्हणून ग्रीव्ह्जवाल्यांनी एलएम-६ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू घेतला. त्यात सिलिकॉन सुमारे १२ टक्के, त्यामुळे रस साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचतो. मी पोलाद-ॲल्युमिनियमच्या जोडावरून नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही. ज्याने तो साचा भरला, त्याचा हात फार चांगला होता.

इंजिन वुल्व्हरहॅम्प्टनच्या व्हिलियर्सचं, टू-स्ट्रोक. आमच्या वडिलांच्या एनफिल्ड शेर्पाचं इंजिनही व्हिलियर्सच्याच घराण्यातलं, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. अशा इंजिनाच्या ग्रीव्ह्जवर शर्यतपटू डेव्ह बिकर्सने १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं २५० सीसीची युरोपियन अजिंक्यपदं जिंकली. या गटाला विश्वविजेतेपद मिळालं १९६२ला. ते हुस्कव्हार्नावर टॉर्स्टन हालमनने नेलं. पुढे १९६४ला ग्रीव्ह्जने आपल्या चॅलेंजर या मॉडेलसाठी स्वतःचं इंजिन केलं.

पण एसेक्समधल्या थंडर्सलीचा हा ग्रीव्ह्जचा कारखाना शर्यतीसाठी निघालाच नव्हता. बर्ट ग्रीव्ह्ज यांचे नात्यातले भाऊ डेरी प्रेस्टन-कॉब पायांनी अधू होते. त्यांच्या चाकांच्या खुर्चीला बर्टनी इंजिन बसवलं. त्यातून अपंगांच्या तीनचाकी गाड्या करणारी इन्व्हाकार कंपनी उभी राहिली. १९५३ला मोटरसायकली आल्या, त्यांच्या पुढच्या चाकाला स्प्रिंगऐवजी पीळ खाणारे रबरी बुश होते. ती युक्तीही त्या तीनचाकीच्याच कामातली. आणि या मोटरसायकलींच्या विक्रीचा कारभार बघायचे ते डेरीच.