सुईची काटकसर

आमच्या आजेसासूबाईंच्या ट्रंकेत पत्र्याची एक चपटी डबी सापडली. झाकणावर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा, आत गंजलेल्या आखूड सुया. घरातल्या मुलींना त्या मोडक्या टाचण्याच वाटल्या. त्या ग्रामोफोनच्या सुया होत्या.

1902 साली कलकत्त्याला गौहरजानचं गाणं तबकडीवर उतरलं आणि पुढे हे खूळ घराघरांत शिरलं. तेव्हाच्या तबकड्या लाखेच्या. प्रतिक्रमणात पंधरा कर्मादानं उच्चारताना ‘लाक्षावाणिज्य’ आपल्या जिभेवर येतंच. लाख किड्यांपासून मिळते, तिच्यात असंख्य जीव जातात, म्हणून तो व्यापार वर्ज्य. तरी तबकड्या आपल्या घरी आल्या, हे काही नाकारता येत नाही.

त्या लाखेत दगडाची पूड मिसळलेली असे. पोलादी सुई त्यावर घासून खाचेच्या आकाराची व्हायची. एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. ती संपली की सुई फेकायची, असा नियम. पण आपण बायका कुठली वस्तू एका वापरात टाकतो? तीच सुई पुन्हा लावली की तिची झिजलेली कड पटाशीसारखी खाच खरवडायची. काही हौशी लोक बांबूची सुई वापरत. ती मऊ, स्वतः झिजायची, पण तबकडीला जपायची.

1948 नंतर एलपी आली, पुढे सुईच्या टोकाला नीलम आणि हिरा आला. सुई रोज बदलायची गरज उरली नाही आणि ती झिजते हेच आपण विसरलो. हिरासुद्धा साधारण पाचशे ते हजार तासांचा सोबती, नीलम त्याहून फार कमी.

ही चूक मीही केली. आमच्या भंवरकुआंच्या घराखालून दिवसभर क्लासच्या मुलांची गर्दी वाहते. रात्री रस्ता शांत झाला की मी इंदूरच्याच उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा लावायची. ती एलपी सासूबाईंची. शेवटी-शेवटी, मधल्या कागदाजवळ, सूर फाटू लागला. मी रेकॉर्डच पुसत राहिले. सुई अजून वाजतेय ना, मग कशाला बदलायची! अखेर नवी बसवली, तरी सूर फाटलेलाच. बिघाड आता खाचेतच कोरला गेला होता. चारशे-पाचशे रुपये वाचवले आणि सासूबाईंची ठेव घालवली.

म्हणून सांगते, ‘स’, ‘श’ फसफसू लागले, आवाज जाड झाला, की आधी सुईवर संशय घ्या. तिच्यावरची धूळ मऊ ब्रशने मागून पुढे झाडा, बोट लावू नका. जुन्या 78च्या तबकडीला तिची जाड टोकाचीच सुई हवी. एलपीची बारीक सुई तिच्या खाचेत तळाशी घासते.

आमच्याकडून ए. बी. रोडने राऊच्या बाजूला गेलं की पिगडंबरला लतादीदींच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालय आहे. तिथे जुन्या तबकड्या जपलेल्या आहेत. ज्या तबकडीसाठी इतके जीव गेले, ती आपल्या कंजुषीने खरवडली जाऊ नये, एवढं तरी यत्नाचारात बसतंच. आता दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर मी सुईचे तास लिहिते.