मंद वाऱ्यातील प्रदूषण आणि त्याचे गणित

कारखान्याच्या धुराड्यातून निघालेला धूर किती अंतरावर किती दाट असेल, याचा अंदाज वर्तविण्यासाठी सामान्यतः गाउस यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रारूप वापरले जाते. त्याच्या सूत्रात वाऱ्याचा वेग छेदस्थानी असतो. इतर बाबी समान असता वेग निम्मा झाला की प्रदूषकाचे प्रमाण दुप्पट येते. वेग शून्याकडे झुकला की उत्तर अनंताकडे जाते, म्हणजेच निरर्थक ठरते. सेकंदाला सुमारे २ मीटरहून कमी वेगाच्या वाऱ्यात ही अडचण प्रकर्षाने जाणवते.

अशा वाऱ्याला निश्चित दिशाही नसते. तासाभरात तो अनेकदा वळतो, धुराचा पट्टा नागमोडी फिरतो, क्वचित मागेही परततो. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार असल्याने वरचा मार्गही खुंटतो. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटची गळती झाली, तेव्हा वारा मंदच होता. हवेहून जड असलेला तो वायू वस्त्यांमध्ये जमिनीलगत पसरला.

दिल्लीच्या आयआयटीने १९९१ मध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू सोडून मंद वाऱ्यातील विसरणाची मोजमापे घेतली. अमेरिकेतील 'एअरमॉड' प्रारूप सरळ पट्टा आणि सर्व दिशांना सारखे पसरणे, या दोन टोकांच्या उत्तरांची सांगड घालते. मात्र मूळ नोंदीच अपुऱ्या असतील, तर प्रारूप तरी काय करणार? वाटीच्या वायुवेगमापकाच्या वाट्या अतिमंद वाऱ्यात फिरतच नाहीत आणि तो तास 'शांत' म्हणून नोंदला जातो. त्यामुळे अशा अभ्यासात श्राव्यातीत ध्वनिलहरींवर चालणारी उपकरणे वापरली जातात.