तबेल्यापासून आगारापर्यंत

मुंबईत एखाद्या बस आगाराचा विस्तार होणार अशी वार्ता उठली, की आजूबाजूच्या इमारतींतून पहिला प्रश्न येतो तो रस्त्याचा. आणखी बसगाड्या आल्या तर फाटकाशी कोंडी होणार, मुलांनी शाळेला जाताना रस्ता ओलांडावा कसा, आणि रहिवाशांनी आपल्या मोटारी उभ्या कराव्यात तरी कोठे? या तक्रारीत तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वाहन चालते तितकेच ते उभेही राहते आणि उभे राहण्यास त्याला जागा लागते, हे सत्य मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीबरोबरच जन्मास आले आहे.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस जाई, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे तेथेच पोहोचे. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे, आणि आरंभी तिकीट म्हणून काही देतच नसत. स्टर्न्स आणि किट्रेज या चालक मंडळींचे कार्यालय कुलाबा कॉजवेच्या पश्चिम अंगास होते. पुढे त्याच जागी 'इलेक्ट्रिक हाऊस' आले. या मंडळींच्या तबेल्यात ९०० घोडे होते, असे सांगितले जाते. नऊशे घोड्यांचा दाणावैरण, पाणी, लीद आणि मोतद्दार हा सारा पसारा वाचकांनी डोळ्यांसमोर आणावा. ट्राम दोन रुळांवरून धावे खरी, पण तिच्यामागे एक अख्खे गाव वसलेले असे. मुंबईचे पहिले आगार म्हणावयाचे तर ते हेच.

१९०७ मध्ये विजेची ट्राम आली आणि घोडे गेले. त्यानंतर १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. (ते चर्च अँग्लिकनांचे, आपले नव्हे, पण मुंबईच्या बसचा पहिला थांबा एका देवळाच्या दारी होता, याचे आम्हांस कौतुक वाटते.) आरंभी बस ही सुखवस्तू लोकांचे वाहन मानली जाई. गरिबाची ती ट्राम, अशी समजूत होती, कारण दीड आण्यात ती शहरभर नेई. तरीही लोकांनी बस आपलीशी केली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा २४२ बसगाड्या २३ मार्गांवर धावत होत्या. १९५५ मध्ये पश्चिम उपनगरांतील खाजगी बससेवाही 'बेस्ट'कडे आली आणि गावठाणे, वाड्या व नव्या वसाहती शहराशी जोडल्या गेल्या.

मग ट्रामचा काळ संपला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली, तेव्हा तिला निरोप देण्यास दुतर्फा माणसे उभी होती. ट्राम संथ झाली, तोट्यात गेली, रस्ता अडवते, असे तिच्याविरुद्ध म्हटले जाई. रूळ उखडले गेले, 'दादर टी.टी.' या नावातली ट्राम मात्र लोकांच्या तोंडी राहिली. आता साठाहून अधिक वर्षांनी पाहावे, तर रस्ता मोकळा झाला आहे काय? ट्रामची जागा मोटारींनी घेतली, आणि त्यांतील पुष्कळशा तर चालतही नाहीत. पदपथाला खेटून दिवसभर उभ्या असतात.

याचा कळस झाला तो जुलै २०१९ मध्ये. त्या महिन्यात महापालिकेने अधिकृत वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा उभ्या केलेल्या वाहनांना पाच हजारांपासून तेवीस हजार रुपयांपर्यंत दंड लावला, आणि त्याच सुमारास बस आगारांतील जागाही खाजगी वाहनांसाठी खुली केली गेली. बससाठी राखलेल्या जागेत मोटारीला आसरा! त्याच महिन्यात बसचे किमान भाडे पाच रुपयांवर आणले गेले, हेही नमूद केले पाहिजे. मे २०२५ मध्ये ते दहा रुपये झाले. मधल्या काळात 'बेस्ट'चा स्वतःचा ताफा आटत गेला, भाडेतत्त्वावरील गाड्या वाढल्या. काही आगारांच्या जमिनीवर व्यापारी इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या मोटारींचा भार पुन्हा त्याच रस्त्यावर पडला. त्या वेळी कोंडीची ओरड बसच्या नावाने झाली तेवढी इमारतींच्या नावाने झाली नाही, ही आमची खंत आहे.

सप्टेंबरात वांद्र्याला माऊंट मेरीची जत्रा भरते. आपली कितीतरी कुटुंबे लोकलने वांद्रे स्थानकावर उतरतात आणि तेथून जादा बसगाड्यांनी टेकडीकडे जातात. एका बसमध्ये पन्नास-साठ माणसे सहज मावतात. तेवढी माणसे मोटारींनी निघाली, तर हिल रोडवर मेणबत्ती विकणाऱ्या बाईलाही बसायला जागा उरणार नाही. आणि या जादा गाड्या कोठून येतात? आगारातूनच.

तेव्हा विस्ताराला विरोध करण्याऐवजी विस्तार कसा होतो, याकडे लक्ष पुरवणे इष्ट. एकच अवाढव्य आगार केले, तर पहाटे आणि रात्री रिकाम्या गाड्यांची लांबलांब धाव वाढते आणि एकाच रस्त्यावर सारा भार येतो. मार्गांच्या जवळ लहान लहान आगारे असली की तो वाटला जातो. फाटक रस्त्याच्या कडेलाच असेल, तर वळणाऱ्या प्रत्येक बसमागे रांग लागते. ते आत घेतले आणि येण्या-जाण्याची दारे वेगळी केली, तर रांग आवारातच राहते. पहिली लोकल सुटण्यापूर्वी कामावर येणाऱ्या चालक-वाहकांच्या दुचाकींना आत जागा नसेल, तर त्या शेजारच्या गल्लीतच लागणार. विजेच्या बसला तर विद्युतभारणासाठी काही तास उभे राहावेच लागते. तिला आवारात जागा मिळाली नाही, तर ती कोणाच्या तरी खिडकीखाली उभी राहील. आगारांच्या जमिनीचे पुढे काय करावयाचे, याची चर्चा होईल तेव्हा या गोष्टी विचारण्यास आपल्या वस्तीतूनही कोणी गेले पाहिजे.