पितळी सर्प आणि पंढरीचें दार

मोडनिंब हें पंढरपूरच्या वाटेवरचें गांव. १९०६ सालीं बार्शी लाइट रेल्वेचा फांटा कुर्डुवाडीहून पंढरपुरास पोंचला, तेव्हांपासून आगगाडीनें निघालेले यात्रेकरू ह्या स्टेशनावरून पुढें जाऊं लागले. विठ्ठलाच्या मूर्तीकडे जाणाऱ्या ह्या वाटेवर बायबलांतील मूर्तिपूजानिषेधाची आठवण करणें प्रथम विचित्र वाटेल. परंतु त्या निषेधाचें मर्म महाराष्ट्राला जें कळलें, तें अखेर पंढरपुरांतच.

१८३१ सालीं मुंबईंत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन व मोरभट दांडेकर ह्यांचा जाहीर वाद झाला. दांडेकरांनीं ‘हिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ लिहिला आणि विल्सन ह्यांनीं त्यास उत्तर दिलें. वाद विद्वत्तेचा खरा. पण दोन्ही पक्षांचा बराचसा भर परपक्षाचें व्यंग दाखविण्यावर होता.

बायबलांतील एक कथा ह्याहून निराळा धडा देते. अरण्यांत मोशेनें देवाच्याच आज्ञेनें पितळेचा सर्प घडविला. सर्पदंश झालेले लोक त्याकडे पाहून वांचले. पुढें कित्येक शतकें लोटलीं. लोक त्या सर्पापुढेंच धूप जाळूं लागले, तेव्हां यहूदाचा राजा हिज्कीया ह्यानें त्याचे तुकडे केले. परक्याचें दैवत फोडणें सोपें असतें. ही तर स्वतःच्या पूर्वजांची पवित्र ठेव होती. जें साधन होतें, तेंच देवाच्या जागीं बसलें, एवढाच त्याचा अपराध.

१८६७ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजानें मूर्तिपूजा वर्ज्य मानली. तरी तुकोबांच्या अभंगांशीं नातें तोडलें नाहीं. ह्याच समाजाच्या मंडळींनीं १८७५ सालीं पंढरपुरांत टाकलेल्या अर्भकांसाठीं अनाथाश्रम काढला. मूर्तीशीं भांडण न मांडतां, लोकलज्जेला बळी जाणारीं मुलें त्यांनीं वांचविलीं.

विठ्ठलमंदिराच्या महाद्वारीं नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधि. चोखोबांसारख्या भक्तालाही दाराबाहेरच राहावें लागलें. त्यांच्या ज्ञातिबांधवांना पुढें शतकानुशतकें कळसाचेंच दर्शन घ्यावें लागलें. शेवटीं मे १९४७ मध्यें साने गुरुजींनीं पंढरपुरांत प्राणांतिक उपोषण आरंभिलें आणि दहा दिवसांनीं हरिजनांस मंदिर खुलें करण्याचें मान्य झालें. गुरुजींनीं मूर्ति नाकारली नव्हती. उलट तिच्या दर्शनाचा हक्क सर्वांसाठीं मागितला होता. दाराशीं उभी असलेली सोंवळ्याची रूढि मात्र देवाहून मोठी होऊन बसली होती. पितळी सर्प तो हाच!

रूढीप्रमाणें माणूसही ह्या जागीं बसूं शकतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं बजावलें कीं, धर्मांत भक्ति आत्म्याच्या उद्धाराचा मार्ग असेल. राजकारणांत ती अधःपाताकडे व शेवटीं हुकूमशाहीकडे नेते. आज पुढाऱ्यांच्या तसबिरींना दुधाचे अभिषेक घडतात, पुढाऱ्यावरील साध्या टीकेनें माथीं भडकतात, तेव्हां तो इशारा जुना झालेला नाहीं हें पटतें.

दगडाची मूर्ति पुजावी कीं नाहीं, ह्याविषयीं सुबुद्ध माणसांचे मतभेद राहतील. परंतु ज्या वस्तूसाठीं, रूढीसाठीं अथवा व्यक्तीसाठीं आपण शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवतों, ती कोणती, हा शोध मूर्तिपूजकाला आणि मूर्तिभंजकाला सारखाच चुकत नाहीं. हिज्कीयानें तो शोध आपल्याच मंदिरापासून आरंभिला होता.