येळ्ळूरचे शिवार: दोन शतकांची धोरणे आणि पाण्याचा हिशेब

बेळगाव शहराच्या दक्षिणेस, राजहंसगड अथवा येळ्ळूरगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले येळ्ळूर हे सीमाभागातील मोठे मराठीभाषक गाव प्रामुख्याने भातशेतीसाठी, विशेषतः बेळगाव बासमती या सुवासिक तांदळासाठी प्रसिद्ध आहे. सह्याद्रीच्या दाट पावसाचा प्रदेश आणि पूर्वेकडील कोरडे पठार यांच्या मधल्या पट्ट्यात हा परिसर येत असल्यामुळे पावसाळ्यात भात आणि पावसाळा सरल्यावर जमिनीत मुरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा यांसारखी कडधान्ये, असा पीकक्रम येथे पिढ्यान्‌पिढ्या रुजला. हा क्रम दोन गोष्टींवर अवलंबून असतो: पाऊस पडताना पाणी शिवारात थांबले पाहिजे आणि पाऊस उघडल्यावर ते वेळेवर निघून गेले पाहिजे. प्रादेशिक पर्यावरणविषयक आणि नैसर्गिक साधनसंपत्तीविषयक धोरणांचा येथील इतिहास पाहताना ही दुहेरी गरज सतत ध्यानात ठेवावी लागते, कारण गेल्या दोनशे वर्षांत या भूमीवर राबवली गेलेली बहुतेक धोरणे दुसऱ्याच कोणत्या तरी मापाने मोजली गेली आहेत.

1818 मध्ये पेशवाईच्या अस्ताबरोबर बेळगाव इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या दक्षिण मराठा प्रदेशाचे ते एक मुख्य ठाणे बनले. 1840 च्या दशकात जॉर्ज विंगेट याच्या देखरेखीखाली या प्रदेशात रयतवारी मोजणी सुरू झाली. रयतवारी म्हणजे मध्ये जमीनदार न ठेवता सरकारने थेट कसणाऱ्याशी सारा ठरवण्याची पद्धत. या मोजणीने प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर दिला, हद्दी आखल्या, मातीच्या मगदुराप्रमाणे प्रतवारी लावली आणि आकार ठरवला. पूर्वीच्या मनमानी वसुलीच्या तुलनेत हा मोठाच सुधार होता आणि सारा दीर्घ मुदतीसाठी निश्चित झाल्याने शेतकऱ्याला बांधबंदिस्तीवर खर्च करण्याचा धीर आला, हे मान्य केले पाहिजे. तथापि, या पद्धतीत ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती ‘पोटखराब’ या सदरात टाकली जाई. ओढे, ओहोळ आणि पाण्याच्या वाटा यांची नोंद याच सदरात झाली. आजच्या कर्नाटकातील दप्तरातही ‘अ खराब’ आणि ‘ब खराब’ असे वर्ग आहेत. पहिल्यात लागवडीस निरुपयोगी जमीन येते, तर दुसऱ्यात रस्ते, नाले यांसारख्या सार्वजनिक वापराच्या जागा येतात. ज्या वाटांनी पाणी आल्याशिवाय आणि गेल्याशिवाय लगतच्या शेतात भात पिकत नाही, त्याच वाटा महसुलाच्या हिशेबात शून्य किमतीच्या ठरल्या. पुढील काळात नाले अरुंद होत गेले आणि त्यांवर अतिक्रमणे झाली, तेव्हा त्यांचे रक्षण करणारी ठोस किंमत कोणत्याच नोंदवहीत नव्हती.

कारभाराच्या सीमाही पाण्याच्या सीमांशी जुळणाऱ्या नव्हत्या. येळ्ळूर आणि बेळगाव यांच्या मधल्या पट्ट्यातील शहापूर हे सांगली संस्थानच्या पटवर्धनांकडे होते आणि 1948 मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत तेथील कारभार निराळा राहिला. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर या बाजूचे पाणी गोळा करून हलगा आणि बसवण कुडचीच्या दिशेने वाहणारा बळ्ळारी नाला मार्कंडेय नदीला मिळतो, मार्कंडेय घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला. हे सारे एकच पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्यावर पडलेला पाऊस एकाच प्रवाहाकडे उतरतो असा प्रदेश आहे. परंतु त्याचा एकत्रित विचार करणारी संस्था ना इलाख्याच्या काळात होती, ना संस्थानी काळात.

पश्चिमेकडील खानापूरच्या जंगलांबाबत धोरण अधिक कठोर होते. 1847 मध्ये अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कुमरी शेतीवर, म्हणजे जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, एक-दोन हंगाम पीक घेऊन पुन्हा मोकळा सोडण्याच्या फिरत्या शेतीवर, बंधने येऊ लागली. 1878 च्या वन कायद्याने जंगलांचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पाडून स्थानिकांचे वहिवाटी हक्क आकुंचित केले. 1880 च्या दशकात या भागात लोहमार्ग आला, तेव्हा स्लीपरांसाठी आणि इंधनासाठी लाकडाची मागणी वाढली. या धोरणाचे मूल्यमापन एका वाक्यात करता येत नाही. राखीव जंगलांमुळेच मलप्रभा, मार्कंडेय आणि म्हादई यांच्या उगमांभोवतीचे वनाच्छादन बऱ्याच अंशी टिकले आणि 2011 मध्ये सुमारे 190 चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य घोषित करता आले, ही त्याची जमेची बाजू आहे. मात्र जंगलाचे यश लाकडाच्या उत्पन्नात मोजले गेले आणि रानावर जगणाऱ्या वाड्यावस्त्यांची गणना अडथळ्यांमध्ये झाली, हा त्याचा खर्च होता आणि तो खर्च ज्यांनी सोसला त्यांना धोरण आखताना कोणी विचारले नव्हते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. या घटनेचा राजकीय इतिहास विपुल लिहिला गेला आहे, पण साधनसंपत्तीच्या दृष्टीने तिचा परिणाम तितकाच दूरगामी होता. मुंबई राज्याच्या कायद्यांची जागा पुढील दहा वर्षांत नव्या राज्याच्या कायद्यांनी घेतली: 1963 चा वन कायदा, 1964 चा जमीन महसूल कायदा आणि 1965 चा पाटबंधारे कायदा. 1961 च्या जमीन सुधारणा कायद्यात 1974 मध्ये झालेल्या मूलगामी दुरुस्तीने कुळांना कसत्या जमिनीचे मालक केले. शेती टिकवणारा मालक शेतातच असावा, या तत्त्वाला त्यामुळे कायद्याचे बळ मिळाले. उलट 2020 च्या दुरुस्तीने शेतीबाहेरील उत्पन्नाची मर्यादा आणि शेतकरी असण्याची अट काढून बिगरशेतकऱ्यांना शेतजमीन घेण्याचा मार्ग खुला केला. वाढत्या शहराच्या कडेला असलेल्या शिवारांवर अशा बदलाचा दाब सर्वांत आधी येतो, कारण तेथे भाताच्या जमिनीचा भाव भातावरून ठरत नाही.

बेळगाव शहराच्या तहानेचा इतिहास याच काळात वेगाने बदलला. 1924 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीच्या परिसरात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा पाण्यासाठी विहीर खोदावी लागली आणि ती काँग्रेस विहीर म्हणून आजही प्रसिद्ध आहे. विहिरींवर भागणारे हे शहर पुढे मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयावर आणि त्यानंतर घटप्रभेवरील हिडकल धरणावर विसंबू लागले. 2008 मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणीपुरवठ्याचा पथदर्शी प्रयोग सुरू झाला. पुरवठ्याचे तास आणि नळाला येणारा दाब या मापांनी हा प्रयोग यशस्वी गणला गेला. परंतु अभियांत्रिकी नियोजनात घरगुती पुरवठ्यापैकी साधारण 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरले जाते आणि हे बाहेर पडणारे पाणी कोठे जाते, हा प्रश्न पुरवठ्याच्या यशापयशात मोजला गेला नाही. बेळगावच्या दक्षिण भागातील सांडपाण्याची नैसर्गिक वाट बळ्ळारी नाल्याकडेच उतरते.

परिणाम शिवारात दिसतो. नाल्यात गाळ साचतो, सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर जलपर्णी माजते, पात्र तुंबते आणि जुलै-ऑगस्टच्या मोठ्या पावसात पाणी पात्र सोडून भातात शिरते. भाताला उभे पाणी चालते, हे खरे. पण रोप बुडवून कित्येक दिवस साचून राहणारे घाण पाणी त्याला कुजवते, मग दुबार पेरणीचा किंवा नव्याने रोप लावण्याचा खर्च शेतकऱ्यावर पडतो आणि जमीन वाफशावर उशिरा आल्याने पाठोपाठचे कडधान्यही हातचे जाते. वाफसा म्हणजे पेरणीस योग्य इतकी ओल उरण्याची अवस्था. पावसाळ्यानंतरची सारी शेती तिच्यावर अवलंबून असते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली, ती आपत्ती असाधारण होती. नाल्याकाठचे बुडणे मात्र नेहमीचे झाले आहे आणि त्याचे कारण केवळ पावसात शोधता येत नाही. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याखाली त्याच वर्षी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले, म्हणजे नाल्यात सांडपाणी सोडू नये यासाठी कायदा आणि यंत्रणा अर्ध्या शतकापासून उपलब्ध आहेत.

यावर सुचवलेले उपायही पुन्हा शिवारावरच भार टाकतात. सांडपाणी शुद्धीकरणासाठी हलगा येथे सुपीक जमीन संपादित करण्यास शेतकऱ्यांनी विरोध केला. हलगा-मच्छे बायपास हा दहा किलोमीटरहून काहीसा कमी लांबीचा रस्ता वडगाव, शहापूर, अनगोळ आणि येळ्ळूर रस्त्यालगतच्या पिकाऊ जमिनींतून नेण्याचे ठरल्यावर आंदोलने आणि न्यायालयीन लढे यांमुळे त्याचे काम अनेकदा थांबले. शुद्धीकरण प्रकल्प हवाच आणि वाहतुकीचा प्रश्नही खरा आहे, तेव्हा हा विरोध विकासाला आहे असे म्हणून बाजूला सारणे सोपे असले तरी न्याय्य नाही. सपाट, पाणथळ शिवारात घातलेला भराव म्हणजे आडवा बांधच असतो. त्याखालून पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत तर पाण्याची जुनी वाट बंद होते आणि रस्त्याच्या वरच्या अंगाची शेती पाण्याखाली राहते. संपादित क्षेत्राचा मोबदला मोजणारा हिशेब या न संपादित झालेल्या, पण बाधित झालेल्या शेताची दखल घेत नाही.

याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या वादातही मापाचा हाच प्रश्न उभा राहतो. 2010 मध्ये स्थापन झालेल्या लवादाने 14 ऑगस्ट 2018 च्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिले. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे 2.83 कोटी घनमीटर. कर्नाटकाच्या वाट्यापैकी 3.9 टीएमसी कळसा आणि भांडुरा नाल्यांतून मलप्रभेच्या खोऱ्यात वळवायचे असून त्यातून प्रामुख्याने पूर्वेकडील शहरांच्या पिण्याच्या पाण्याची गरज भागवण्याचा हेतू आहे. नवलगुंद-नरगुंद भागातील लोकांची तहान खरी आहे आणि गोव्याची चिंताही खरी आहे. तथापि, टीएमसीच्या वाटपात कणकुंबीच्या जंगलाने वर्षभर झिरपत ठेवलेल्या ओढ्यांना आणि खानापूर तालुक्यातील गावांच्या झऱ्यांना स्वतंत्र रकाना नसतो. पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या समितीने 2011 मध्ये दिलेल्या अहवालात निर्णयाची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू व्हावी असा आग्रह होता. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती आली, संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे 2014 पासून एकामागून एक निघाले आणि जुलै 2024 मध्ये सहावा मसुदा प्रसिद्ध झाला, ज्यात कर्नाटकातील 20,668 चौरस किलोमीटर क्षेत्र समाविष्ट आहे. राज्याचा विरोध कायम राहिला आणि ग्रामसभांशी करावयाचा तो मूळ संवाद मागेच पडला.

सीमाभागात या संवादाला भाषेचा आणखी एक अडसर आहे. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देऊन जनसुनावणी घ्यावी लागते आणि भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण 15 टक्क्यांहून अधिक असेल तेथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे तत्त्व राष्ट्रीय पातळीवर केव्हाच मान्य झाले आहे. ज्याची जमीन जाणार किंवा बुडणार आहे, त्याला हरकतीची मुदत संपण्यापूर्वी नोटीस समजली पाहिजे, ही मागणी भाषिक अस्मितेइतकीच सुशासनाचीही आहे, कारण न समजलेल्या कागदावर आलेल्या हरकतींची संख्या हे लोकसंमतीचे माप होऊ शकत नाही.

या साऱ्या इतिहासातून एक निष्कर्ष स्पष्टपणे काढता येतो. महसुलाचे धोरण साऱ्याच्या मापाने, वनांचे लाकडाच्या, पाणीपुरवठ्याचे तासांच्या, रस्त्यांचे किलोमीटरच्या आणि नदीवाटपाचे टीएमसीच्या मापाने मोजले गेले. त्या त्या मापाने त्यांतील पुष्कळशी धोरणे यशस्वीही ठरली. पण येळ्ळूरच्या शिवारात ही सर्व धोरणे एकाच जमिनीवर आणि एकाच नाल्यावर येऊन आदळली, तेव्हा त्यांची बेरीज कोणी केली नाही. म्हणून यापुढील मूल्यमापनाचे एकक खाते किंवा प्रकल्प न धरता पाणलोट क्षेत्र धरले पाहिजे. बळ्ळारी नाल्याची मूळ हद्द दप्तरातील खराब नोंदींवरून निश्चित करून जमिनीवर आखणे, शहराला मिळणाऱ्या प्रत्येक वाढीव पाण्याबरोबर तितक्याच सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची अट घालणे, रस्त्याच्या भरावाआधी पूररेषेचा अभ्यास सक्तीचा करणे आणि या सर्वांचा वार्षिक अहवाल मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत संबंधित ग्रामपंचायतींसमोर ठेवणे, या चार गोष्टी प्रचलित कायद्यांच्या चौकटीत करता येण्याजोग्या आहेत. धोरणाचे यश पावसाळ्यानंतर किती एकरांवर मसूर पेरता आला यावरून ठरवले जाईल, तेव्हाच बेळगावच्या दक्षिणेकडील या शिवाराला न्याय मिळाला असे म्हणता येईल.